घोडबंदर रोडवरचा सव्वासहाचा सायकलिंग क्लास, आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले मी या क्लासला जातेय, मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि सोसायटीतल्या तीन-चार जणींनी विचारून झालंय की कसा आहे, पैसे वसूल होतात का, गुडघे दुखतात का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. मानपाड्याच्या थोडं पुढे, सर्व्हिस रोडला लागून, खाली मेडिकल आहे त्याच्या वरती दुसऱ्या मजल्यावर. बोर्ड छोटाय, पहिल्या दिवशी मी दोनदा पुढे निघून गेले होते. आत जागच्या जागी चालवायच्या २२ सायकली, एका बाजूला आरसा, समोर एक फूटभर उंच स्टेज आणि त्यावर क्लास घेणाऱ्या मुलीची सायकल. मुलगी म्हणजे असेल तिशीची, आम्ही सगळे तिला कोच म्हणतो, ती आम्हाला ताई, काका, दादा जे असेल ते. हा रिव्ह्यू खरं सांगायचं तर तिचाच आहे, कारण सायकली काय सगळीकडे थोड्याफार सारख्याच असतात.

हे मी एवढं ठामपणे लिहितेय कारण याआधी ठाण्यातच एका जिममध्ये दोन महिने हेच केलं होतं. तिथे आत गेलं की लाइट बंद, गाणी इतकी मोठ्याने की घरी आल्यावर कानात सूं सूं, आणि समोरचा मुलगा स्वतःचा व्यायाम करायचा, नजर कायम आरशात. सीट कुठे हवी हे दोन महिन्यांत एकदाही कोणी सांगितलं नाही. माझा उजवा गुडघा समोरच्या बाजूनी दुखायला लागला, जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचे, मला वाटलं वय झालं, ४६ म्हणजे आता हे असंच. एकदा माझ्या पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलीचा पाय निसटला, पेडल फिरतंच राहिलं आणि पोटरीवर सणसणून लागलं, रक्त आलं, आणि गाणं मात्र चालूच, समोरच्याला कळलंसुद्धा नाही. आम्ही दोघींनी तिला उतरवलं. त्यानंतर मी गेले नाही, उरलेले पैसेही सोडले.

त्यामुळे इथे पहिल्या दिवशी आले तेव्हा मनात धास्ती होती. कोचनी पंधरा मिनिटं आधी बोलावलं होतं. मला सायकलच्या बाजूला उभं केलं, हात कमरेच्या हाडावर ठेवायला लावला आणि सीट वर ओढत ओढत त्या हाडाच्या लेव्हलला आणली. मग वर बसवून एक पाय पार खाली न्यायला सांगितला, गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, एकदम ताठ झाला तर सीट उंच आहे आणि फारच वाकला तर खाली आहे. मग दोन्ही पेडल जमिनीला समांतर धरायला लावून पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा असतो तिथून तिनी एक दोरा सोडला, दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट बांधलेलं, गवंड्याकडे ओळंबा असतो ना अगदी तसं. नट पेडलच्या दांड्याच्या बरोबर वर यायला हवं होतं, माझं पुढे जात होतं, म्हणून सीट एक खाच मागे. हँडल सीटपेक्षा दोन बोटं वर, कारण नवीन माणसाची पाठ खाली वाकायला वेळ लागतो म्हणाली. सगळं झाल्यावर एका कार्डवर लिहून दिलं, सीट ७, मागेपुढे ४, हँडल ९. ते कार्ड अजून माझ्या बॅगेच्या कप्प्यात आहे, आता पाठ झालंय तरी.

मी तिला गुडघ्याचं सांगितलं तर तिनी विचारलं आधीच्या ठिकाणी सीट किती होती, मला काय माहीत, मी म्हटलं पाय पुरायचे आरामात, खाली टेकायचे. ती म्हणाली टेकत होते म्हणजे सीट खूपच खाली होती ताई, गुडघा प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकत होता आणि सगळा दाब वाटीवर येत होता. वय वगैरे काही नाही. तीन आठवड्यांत जिना उतरताना कठडा सुटला माझा. मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचा गुडघा वेगळा, पण माझं हे असं झालं.

सायकलवर चढल्यावर पहिली गोष्ट तिनी शिकवली ती थांबायची. या सायकलींना रस्त्यावरच्या सायकलीसारखं मोकळं चाक नसतं, पुढचं ते जड चाक, फ्लायव्हील, आमच्याकडचं १८ किलोचं आहे, ते एकदा फिरायला लागलं की पेडल त्याच्याबरोबर फिरतात, तुम्ही पाय थांबवलात तरी चाक पाय ओढून नेतं. म्हणजे त्या मुलीला जे लागलं ते का लागलं हे मला इथे येऊन कळलं. थांबायचं असेल तर रेझिस्टन्सचा, म्हणजे पेडल जड-हलकं करायचा जो लाल नॉब असतो तो वरून खाली दाबायचा, तोच ब्रेक. तिनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं, वेग घ्या, दाबा, परत वेग घ्या, दाबा. बुटाची नाडी आत खोचलीये का, टो-केजचा, म्हणजे पेडलवर पाय अडकवायच्या पिंजऱ्याचा पट्टा आवळलाय का, हे ती आजही क्लास सुरू व्हायच्या आधी रांगेतून फिरून बघते, बावीसच्या बावीस जणांचं.

आणि पहिल्या क्लासला तिनी मला पूर्ण ४५ मिनिटं करूच दिलं नाही. २५ मिनिटांवर खूण केली, आता हलके पाय फिरवत बसा. उभं राहून चालवायचं होतं तेव्हाही मला बसूनच. मला जरा राग आला होता, मला जमत होतं. नंतर तिनी बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्याच दिवशी जोशात येऊन खूप ताणलं तर मांडीच्या स्नायूंना इतकी इजा होऊ शकते की त्यातला माल रक्तात उतरून किडनीवर लोड येतो, पुढचे दोन-तीन दिवस लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा कोलासारखा काळपट दिसला, मांड्या सुजल्या, तर घरी पडून राहायचं नाही, सरळ हॉस्पिटलला जायचं. रॅब्डो म्हणतात त्याला. एवढं स्पष्ट मला आधीच्या जिममध्ये कोणीही सांगितलं नव्हतं, आणि हे सांगून गिऱ्हाईक घाबरेल याची तिला भीती वाटली नाही हे मला फार आवडलं.

आता क्लास. सकाळी सव्वासहाला सुरू म्हणजे सव्वासहालाच. पहिली सात-आठ मिनिटं वॉर्मअप, मग दोन सपाट रस्ते, मग चढ, मध्ये श्वास घ्यायला जागा, मग मोठा चढ, मग एक जोरात पळवायचं गाणं आणि शेवटी कूलडाऊन. कूलडाऊन ती कोणाला चुकवू देत नाही, ऑफिसची घाई असली तरी, कारण एकदम थांबलं की पायातलं रक्त पायातच साचतं आणि उतरल्यावर डोळ्यासमोर अंधारी येते. मोठ्या चढाला ती आम्हाला येऊरच्या डोंगरावर नेते. म्हणजे बोलून नेते. आता उपवन मागे राहिलं, तलाव गेला, रस्ता वळतोय, नॉब अर्धा फिरवा, चेकनाका आला, झाडी सुरू झाली, गार लागतंय, अजून पाव फिरवा, बसूनच राहा, घाई नको, वरती आहे अजून. माझा नवरा दर रविवारी खरंच येऊरला सायकल घेऊन जातो, पावसात त्यांचा ग्रुप बंद असतो म्हणून जुलैमध्ये एकदा माझ्याबरोबर आला होता, तो घरी येताना म्हणाला की अगं चढ जिथे खरंच कडक होतो तिथेच तिनी नॉब फिरवायला सांगितला. म्हणजे तिनी तो रस्ता पायाखाली घातलेला आहे.

तिचं सगळ्यात भारी काम म्हणजे मोजणी. मला पहिले दोन महिने कळलंच नव्हतं की इथे दम लागला तरी गोंधळ का होत नाही. ती कुठलाही बदल करायच्या आधी सांगते, बरोबर आठ ठोके आधी. "उभं राहायचंय... पाच, सहा, सात, आणि वर." बावीस माणसं एका ठोक्यावर उभी राहतात, सीटवरून उठल्याचा एकच आवाज येतो, अंगावर काटा येतो खरंच. मी विचारलं हे कुठे शिकलीस, तर म्हणाली शाळेत लेझीमच्या पथकात पुढे असायचे ताई, तिथे आठची मोजणी डोक्यात बसली ती बसली, ट्रेनिंगमध्ये नंतर तेच इंग्लिशमध्ये शिकवलं. गाणी पण ती ठोके मोजून निवडते. १६० ठोक्यांचं गाणं असेल तर प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली, म्हणजे मिनिटाला ८० फेरे, सपाट रस्ता. १२८ चं असेल तर ६४ फेरे, चढ. साधारण हिशोब असा की सपाटीला ८० ते ११०, चढाला ६० ते ८०, त्याच्या खाली गेलात तर नॉब जास्त आवळलाय आणि गुडघ्याची वाट लागणार, वर गेलात तर पाय नुसते भिरभिरतायत, चाकच तुम्हाला फिरवतंय. सीटवर उड्या बसायला लागल्या की समजा नॉब कमी आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तिनी अख्खा चढ ढोलताशावर घेतला होता, उभं राहून, टोल पडला की पाय, त्या दिवशी क्लास संपल्यावर कोणी खाली उतरेना.

स्टेजवर ती आमच्याकडे तोंड करून असते, त्यामुळे तिचा उजवा आमचा डावा. ती डावा म्हणते आणि स्वतः उजवीकडे झुकते. बोलायला सोपं आहे.

आणि ती उतरते. हे लिहायलाच मी बसलेय खरं तर. निम्मा क्लास ती सायकलवर नसतेच, हेडसेट माइक लावून रांगांमधून फिरते. कोणाचे खांदे कानापर्यंत आलेत, कोण हँडलवर सगळं वजन टाकून लटकलंय, कोणाचा गुडघा आत चाललाय. आणि कोणाचं चुकलं तर ते माइकवर कधी सांगत नाही, कमरेला त्या माइकचा डबा असतो त्याचं बटण दाबून आधी आवाज बंद करते, मग वाकून कानाशी सांगते, मग परत चालू. आमच्यात एक काका आहेत, साठीचे, वसंत विहारहून येतात, हाताला ते हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ लावून. त्यांनी सुरुवातीला हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती जाऊ शकतात याचा २२० वजा वय असा हिशोब मांडला होता आणि ठोके वाढतच नाहीत म्हणून नॉब आवळत सुटले होते. ती त्यांच्याजवळ गेली, माइक बंद, काहीतरी विचारलं, काकांनी मान डोलावली. नंतर काकांनीच आम्हाला सांगितलं की तिनी विचारलं बीपीची कुठली गोळी चालू आहे का. काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, मग घड्याळातला आकडा बघून जोर लावायचा म्हणजे शरीर दमलेलं असतं आणि घड्याळ म्हणतं अजून लावा. तिनी त्यांना आधी डॉक्टरांना विचारून यायला लावलं, लेखी आणा म्हणाली, आणि तेव्हापासून काका श्वासावर चालवतात. एक वाक्य पूर्ण बोलता आलं तर ठीक, दोन-तीन शब्दांवर धाप लागली तर जास्त झालं. आम्हालाही तेच. तो २२० वाला हिशोब नुसता अंदाज आहे, माझा १७४ येतो, पण माणसामाणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात, ती त्याच्यावर कोणाला पळवत नाही.

आवाजाबद्दल पण लिहिते कारण मला त्याचा त्रास आहे. मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप लावून ती स्पीकर सेट करते, आणि दाराशी फोमचे इअरप्लग ठेवलेत, फुकट. तिनी एकदा सांगितलं होतं की ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला गेलात की पंधरा मिनिटं. विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून आलं की जे होतं तेच रोज ४५ मिनिटं कानाला कशाला द्यायचं.

एक गोष्ट खूप जण विचारतात, याला स्पिनिंग का म्हणत नाहीत. कारण स्पिनिंग हे रजिस्टर्ड नाव आहे, मॅड डॉग ॲथलेटिक्स म्हणून अमेरिकन कंपनी आहे तिचं. जॉनी गोल्डबर्ग नावाचा साउथ आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेला सायकलपटू, तो १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिका आडवी पार करायच्या रेससाठी तयारी करत होता, रात्री रस्त्यावर जाण्यापेक्षा घरातच करू म्हणून त्यानी ही सायकल बनवली, आणि मग १९९५ मध्ये श्विन कंपनीनी ती बाजारात आणली. घोडबंदर रोडला पावसाळ्यात मेट्रोच्या कामातून, खड्ड्यातून आणि कंटेनरच्या बाजूने सायकल चालवून बघा, तो घरात का बसला ते लगेच पटेल.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इथे एक पद्धत आहे, जुन्यांपैकी एकानी एक गाणं लीड करायचं. ऑगस्टमध्ये माझा नंबर आला. साडेचार मिनिटांचं गाणं, चढ. मी आठवडाभर बसमध्ये कानात तेच, वहीत खुणा, इथे कडवं सुरू, इथे धृपद, इथे आठ मोजून वर, इथे नॉब. बँकेत लंच टाइमला टेबलावर बोटं चालू. घरी स्वयंपाक करताना मोठ्याने बोलून बघितलं, सगळं बसलं. आणि तिथे स्टेजवर पाय फिरवत बोलायला लागले तर दुसऱ्याच वाक्याला श्वास पुरेना. तेव्हा कळलं की ती चढावर स्वतःचा नॉब आमच्यापेक्षा कमी ठेवते, बोलता यावं म्हणून, तिचा व्यायाम ती दुपारी वेगळा करते. मी शब्द कमी केले. "चढ, अर्धा, बसून", एवढंच. धृपदाच्या आधी मोजणी माझ्या हातून सुटली, म्हणजे गाणं पुढे गेलं आणि मी कुठे आहे तेच कळेना, छातीत धस्स झालं. ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिनी काही न बोलता हात वर केला आणि बोटं दाखवायला लागली, पाच, सहा, सात. मी आठला वर म्हटलं आणि सगळे उठले.

वरून दिसतं काय काय ते मला त्या साडेचार मिनिटांत दिसलं. आपण खाली बसलेलो असतो तेव्हा वाटतं आपण कोपऱ्यात आहोत, आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही, पण तिथून सगळ्यांचं सगळं दिसतं. तिसऱ्या रांगेतल्या एका ताईंचे ओठ पांढरे पडत चालले होते. मला दिसलं, पण मी मोजू का सांगू, मला दोन्ही जमेना. मी कोचकडे बघितलं तर ती आधीच तिकडे निघालेली होती, ताईंचा नॉब तिनी हातानी सैल केला, पाय फिरत ठेवायला लावले, पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. त्या सकाळपासून चहासुद्धा न घेता आल्या होत्या, दहा मिनिटांत बऱ्या झाल्या. उतरल्यावर माझे हात थरथरत होते. ती रोज दोन बॅचेस अशा घेते, सकाळची आणि संध्याकाळची, आणि प्रत्येक वेळी बावीस जणांकडे असंच बघते.

आता तक्रारी. पार्किंग नाही, टू-व्हीलर मेडिकलसमोर लागते तीही क्लास संपला की लगेच काढावी लागते. बायकांना एकच शॉवर, त्यामुळे मी घरीच येते. ११ आणि १५ नंबरच्या सायकली कुरकुरतात, त्यांचा ब्रेकचा पॅड झिजलाय, तीनदा सांगितलं, अजून बदललेला नाही, हे मालकांनी मनावर घ्यावं. एसी एका बाजूला जास्त लागतो. कोच सुट्टीवर असली की दुसरे एक सर येतात, मुलगा चांगला आहे पण सायकलवरून उतरत नाही आणि हँडलवर पुशअप्स करायला लावतो, पाय जड चाकाला बांधलेले असताना ते मला बरोबर वाटत नाही, मी त्या वेळी सरळ बसून चालवते आणि त्यानी कधी आग्रह केला नाही. फी १२ क्लासचे ४,८०० रुपये, दोन महिन्यांत संपवायचे. स्वस्त नाहीये. पण आजारी पडलात आणि आदल्या रात्री मेसेज टाकला तर क्लास कापत नाहीत, मला डेंग्यू झाला तेव्हा तीन आठवडे पुढे वाढवून दिले होते, आणि परत आले तेव्हा परत पहिल्या दिवसासारखं, २५ मिनिटं, बसून.

जाणार असाल तर ट्रायल क्लास फुकट आहे, पण पंधरा मिनिटं आधी जा, उशिरा आलेल्या नवीन माणसाला ती क्लासला बसवत नाही, दार लावते. एक केळं खाऊन जा. मोठा नॅपकिन आणि पाण्याची मोठी बाटली, पावसाळ्यात घामानी छोटी पुरत नाही. नाडीवाले बूट असतील तर नाडी आखूड. मी खिडकीकडच्या रांगेत चौथी, मंगळवारी माझ्या शेजारची पाचवी बहुतेक रिकामी असते.